नवरा नट व्हायचं म्हणतो आणि ॲलन रिकमनचा दाखला देतो

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील काढून)

मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. बरीच वर्षं तासिका तत्त्वावर काढल्यावर अलीकडेच कायम झाले. नवरा 33 वर्षांचा आहे, दोन मित्रांबरोबर ग्राफिक डिझाइनचा स्टुडिओ चालवतो. कॉलेजात एकांकिका, पुढे हौशी आणि प्रायोगिक नाटकं, असं त्याचं चालू असतं. चार वर्षांची मुलगी आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात, फ्लॅटचा हप्ता चालू आहे. आता तो म्हणतो, दिवाळीनंतर स्टुडिओतून बाहेर पडतो आणि पूर्णवेळ अभिनय करतो. ॲलन रिकमन हा इंग्रज नट त्याचं दैवत आहे. “त्याचाही डिझाइन स्टुडिओ होता, त्यानंही सोडला. पहिला सिनेमा बेचाळिसाव्या वर्षी आला. माझ्याकडे अजून नऊ वर्षं आहेत. त्याची बायको अर्थशास्त्र शिकवायची, तू कॉमर्स शिकवतेस,” असं तो म्हणतो. माहेरचे म्हणतात, ठाम नाही म्हण. मैत्रिणी म्हणतात, साथ दे. मी नाही म्हटलं तर त्याच्या न झालेल्या करिअरची गुन्हेगार मी, हो म्हटलं तर घराची. काय करू? आणि सासूबाईंना हे कधी सांगायचं?

उत्तर

तुमचं पत्र वाचताना मी ‘गुन्हेगार’ या शब्दापाशी बराच वेळ थांबले. निर्णय तुमच्या नवऱ्याचा, स्वप्न त्याचं, आणि दोन्ही बाजूंनी आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र तुम्ही उभ्या. हे असं कसं झालं, ते आपण बघूच. पण आधी रिकमनबद्दल बोलायला हवं, कारण तुमच्या नवऱ्याचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. मला हा नट फार आवडतो. म्हणूनच त्याची गोष्ट अर्धी सांगितली गेली की मला राहवत नाही.

रिकमनचा जन्म 21 फेब्रुवारी 1946 चा, पश्चिम लंडनमधल्या ॲक्टन भागातला. घर कामगारवर्गाचं. ॲलन आठ वर्षांचा असताना वडील गेले आणि आईनं चार मुलं एकटीनं वाढवली. मुलगा हुशार, शिष्यवृत्ती मिळवून हॅमरस्मिथच्या लॅटिमर अप्पर शाळेत गेला आणि तिथे नाटकात रमला. तरी अठराव्या वर्षी त्यानं नाट्यशाळेची वाट धरली नाही. तशा घरातल्या मुलाला ते शहाणपणाचं वाटत नव्हतं. तो चेल्सीच्या कला महाविद्यालयात गेला, मग रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये, आणि पुढे मित्रांबरोबर डिझाइनचा स्टुडिओ काढला. काही वर्षांनी त्यानं ‘राडा’ला, म्हणजे लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टला, पत्र लिहून प्रवेशपरीक्षेची संधी मागितली. 1972 मध्ये तो तिथे दाखल झाला. वय 26. सिनेमात दिसला तो 1988 मध्ये ‘डाय हार्ड’मधल्या हान्स ग्रूबरच्या भूमिकेत, वय 42.

इथपर्यंत तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. चुकतो आहे तो हिशेब. “माझ्याकडे अजून नऊ वर्षं आहेत” हे तो बेचाळीस उणे तेहेतीस करून सांगतो आहे. पण रिकमन ज्या दिवशी पूर्णवेळ नाटकाकडे वळला त्या दिवसापासून मोजायला लागलो, तर त्या सिनेमापर्यंत 16 वर्षं होतात. तुमच्या नवऱ्यानं यंदा सुरुवात केली तर त्याच मापानं तो 49 वर्षांचा होईल, तुमची मुलगी 20 वर्षांची. मी हे त्याला घाबरवायला सांगत नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी पहिला मोठा सिनेमा करायलाही काहीच हरकत नाही. मुद्दा एवढाच, की ही 16 वर्षं त्याच्या गोष्टीतून गळली आहेत, आणि तुमच्या घराला जगायची आहेत ती नेमकी तीच.

त्या वर्षांत काय काय झालं ते सांगते, कारण माझ्या मते रिकमनच्या आयुष्यातला शिकण्यासारखा भाग तो आहे.

राडात शिकताना त्यानं पोटासाठी ड्रेसरचं काम केलं. नायजेल हॉथॉर्न आणि सर राल्फ रिचर्डसन या मोठ्या नटांचे कपडे सांभाळायचे. आपल्याकडे कपडेपट सांभाळणारे असतात त्यातलंच हे, पण एका नटाला वाहिलेलं. प्रयोगाआधी शर्ट इस्त्री करून टांगायचा, बूट पुसून ठेवायचे. दोन प्रवेशांच्या मध्ये विंगेतल्या अंधारात नट धावत आला की एक कोट उतरवायचा, दुसरा चढवायचा, बटणं लावायची आणि त्याला वेळेवर पुन्हा उजेडात सोडायचं. मग तिथेच उभं राहून पुढचा प्रवेश ऐकायचा, आणि उद्याही तोच ऐकायचा. स्वतःचा स्टुडिओ चालवलेला माणूस पंचविशी ओलांडल्यावर हे करत होता. तुमच्या नवऱ्याला एवढं एक विचारा: तू करशील? नाटकाच्या बसमध्ये सामान चढवशील? तो लगेच “हो” म्हणाला तर मला आनंद होईल. थोडा विचार करून “हो” म्हणाला तर जास्त आनंद होईल.

राडातून तो पदकं-बक्षिसं घेऊन बाहेर पडला, तरी थेट लंडनच्या मोठ्या रंगमंचावर गेला नाही. मँचेस्टर, लेस्टर, शेफील्ड, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल अशा गावांतल्या रेपर्टरी थिएटरांमध्ये त्यानं काम केलं. ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. शहराचं स्वतःचं नाट्यगृह, त्याची स्वतःची नटमंडळी, सरकारी कला परिषदेचा आणि स्थानिक पालिकेचा पैसा. नटाला ठरलेला पगार मिळायचा. एका नाटकात मोठी भूमिका, पुढच्यात दोन वाक्यांचा नोकर. काही आठवड्यांत नवं नाटक उभं राहायचं. आवाज, चाल, उभं राहणं, ऐकणं, सगळं तिथे घासलं जायचं. ज्या आवाजावर पुढे जग फिदा झालं, त्या आवाजात शिक्षणाच्या काळात दोष काढले गेले होते. तो आवाज घडवायला त्याला जागा मिळाली, वर्षं मिळाली आणि ती वर्षं काढताना थोडेफार पैसेही मिळाले. या तिन्ही गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

1978 मध्ये तो रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेला. नटाला आता पोचलो असं वाटावं, अशी ही जागा. तिथे त्याचं मन लागलं नाही आणि तो बाहेर पडला. मग लंडनमधली बुश, रॉयल कोर्ट अशी नव्या नाटककारांना जागा देणारी थिएटरं. टेलिव्हिजनही चालू होतं. बीबीसीच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये तो टिबल्ट होता, 1982 च्या ‘द बार्चेस्टर क्रॉनिकल्स’मध्ये ओबाडाया स्लोप नावाचा कावेबाज पाद्री. हा स्लोप मिळाला तर जरूर पाहा. हात चोळत, मान किंचित झुकवून बोलणारा हा माणूस इतका नम्र आहे की अंगावर काटा येतो. ब्रिटिश प्रेक्षकांनी रिकमनला ओळखायला सुरुवात केली ती इथे. वय 36. जगाला त्याचं नाव अजून माहीत नव्हतं, पण तो कामाचा नट होता.

मग 1985. त्याच शेक्सपिअर कंपनीत परत, आणि ‘ले लियेझाँ दांजरूझ’ या नाटकात व्हालमाँची भूमिका. नाटक आधी झालं स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ या पत्र्याच्या शेडमधल्या छोट्या थिएटरात. तिथून लंडन, तिथून 1987 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, आणि टोनी पुरस्कारासाठी नामांकन. हीच ती भूमिका जिनं त्याला घडवलं. त्या नाटकावरून सिनेमा निघाला तेव्हा व्हालमाँ मात्र जॉन माल्कोविच झाला. तुमच्या नवऱ्याला हे माहीत असेलच. नसेल तर सांगा. हातातोंडाशी आलेला घास जाणं हे या व्यवसायात अपघातानं होत नाही, नेहमी होतं.

पण ‘डाय हार्ड’चे दिग्दर्शक आणि निर्माते यांनी त्याला पाहिलं ते ब्रॉडवेवर, त्याच नाटकात. हे नशीब म्हणायचं तर म्हणा. त्या रात्री तो नाटकात होता, आणि तिथवर 15 वर्षं काम करत आला होता, एवढं मात्र विसरू नका. लॉस एंजेलिसला पोचल्यावर काही दिवसांत हाती आलेला हा मारधाडपट त्यानं आधी नकोच म्हटला होता. पुढे होकार दिल्यावर त्यानं निर्मात्याकडे चिठ्ठी ठेवली. म्हणणं असं, की या खलनायकाला दहशतवाद्याचा ठरावीक वेश न देता सूट द्यावा. म्हणजे तो स्वतः ओलीस असल्याचं सोंग घेऊन, अमेरिकी उच्चारात बोलून नायकाला फसवू शकेल. पटकथेत तसा प्रवेश आला आणि तो सिनेमातला सगळ्यात लक्षात राहणारा प्रवेश ठरला. मला यात डिझाइन शिकलेला माणूस दिसतो. कपड्याचा काप कथेत काय बदलू शकतो हे त्याला दिसत होतं. तुमच्या नवऱ्याची स्टुडिओतली वर्षं वाया गेली, असं तो कधी वैतागून म्हणत असेल, तर त्याला हा प्रसंग ऐकवा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ‘रॉबिन हूड’मधल्या नॉटिंगहॅमच्या शेरीफसाठी बाफ्टा, ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’तला कर्नल ब्रँडन, टेलिव्हिजनवरच्या रास्पुतिनसाठी एमी, आणि 2001 ते 2011 आठ हॅरी पॉटर सिनेमांतला स्नेप. ऑस्करचं साधं नामांकनही कधी मिळालं नाही. यशानंतरही तो नाटकाकडे परत परत येत राहिला. 1998 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये हेलन मिरेनबरोबर त्यानं ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ केलं आणि समीक्षकांनी ते झोडपलं. 14 जानेवारी 2016 ला कर्करोगानं तो गेला, वय 69.

आता तुमच्या घरात येऊ.

तुमच्या नवऱ्याला अभिनय हवा आहे की बेचाळिसावं वर्ष हवं आहे? हा प्रश्न मी कुत्सितपणे विचारत नाही. दोन्ही इच्छा माणसाला असू शकतात, पण त्यांच्यावर घर उभं करायचं असेल तर कुठली खरी ते कळायला हवं. त्याच्यासमोर असं चित्र ठेवा. समज, दहा वर्षं झाली. तू व्यावसायिक नाटकात आहेस, भूमिका दुय्यम, मिळते ती नाईट, म्हणजे प्रयोगागणिक मानधन. शनिवार-रविवार दौरा: सांगली, इचलकरंजी, परतताना पहाटे बस. मधूनमधून मालिकेत डॉक्टर, वकील, नायिकेचा काका. मालिकेचे पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात. डबिंग आहे, कधी जाहिरात. रस्त्यात कुणी ओळखत नाही. हे आयुष्य तुला आवडेल का? त्याचे डोळे यावर चमकले तर तो नट आहे, आणि त्याला रोखून घरात सुख येणार नाही. तो म्हणाला, “छे, एवढ्यासाठी कोण स्टुडिओ सोडतं,” तर त्याला स्टुडिओचा कंटाळा आला आहे. त्यावर वेगळा इलाज आहे: कामाचं स्वरूप बदलणं, मोठी सुट्टी घेणं, नाटकाला जास्त वेळ देणं. त्यासाठी भागीदारी मोडायची गरज नाही.

त्या चित्रात एक तपशील तुमच्या वाट्याचाही आहे. तुमचं कॉलेज सोमवार ते शनिवार, त्याचे प्रयोग शनिवार-रविवार. तुमच्या मुलीला आई-बाबा एकत्र मिळणार कधी? याचं उत्तर आत्ताच हवं असं नाही, पण प्रश्न आत्ताच मांडायला हवा.

आता रीमा हॉर्टनबद्दल, जिच्या जागी तुमचा नवरा तुम्हाला बसवतो आहे. या तुलनेनं मला खरं तर त्रास झाला. वाईट हेतूनं त्यानं ती केलेली नाही, पण ती चुकीची आहे.

रीमा आणि ॲलन भेटले 1965 मध्ये एका हौशी नाट्यसंस्थेत. ती 18 ची, तो 19 चा. 1977 पासून ते एकत्र राहिले. लग्न केलं 2012 मध्ये, न्यूयॉर्कला, कुणाला न बोलावता. म्हणजे ज्या काळाचा दाखला दिला जातोय त्या काळात ती त्याची ‘बायको’ नव्हती, आणि दोघांना मूलही नव्हतं. फ्लॅटचा हप्ता, चार वर्षांची मुलगी, सासूबाईंची औषधं, हे त्या चित्रात नाही. ती अर्थशास्त्र शिकवायची हे खरं, किंग्स्टनला. पण ती ॲलनच्या अभिनयाची आर्थिक तजवीज म्हणून शिकवत नव्हती, ते तिचं काम होतं. 1986 मध्ये, म्हणजे ॲलनचं व्हालमाँ गाजत होतं त्या सुमारास, ती लंडनमधल्या केन्सिंग्टन आणि चेल्सीच्या कौन्सिलवर मजूर पक्षाची नगरसेविका म्हणून निवडून आली आणि 20 वर्षं राहिली. हुजूर पक्षाच्या बालेकिल्ल्यात विरोधी बाकांवर 20 वर्षं! 1992 मध्ये तिनं चेल्सीतून संसदेची निवडणूकही लढवली आणि हरली. पडण्याची शक्यता ठाऊक असताना उभं राहणारी ही बाई आहे. दोघं एकमेकांच्या कामाकडे आदरानं बघत, राजकारणावर दोघांचं जमे.

तर तुमच्या नवऱ्याला रीमा हवी असेल तर त्यानं आधी विचारायला हवं, की तुझं काय चाललंय? पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एकच वाक्य लिहिलंय: तासिका तत्त्वावर वर्षं काढली आणि आता कायम झाले. तासाला मिळणाऱ्या पैशांवर, दर जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही या धास्तीत राहणं म्हणजे काय, हे ज्यांनी काढलंय त्यांनाच कळतं. तेव्हा घर चालत होतं ते स्टुडिओच्या पैशावर, असं मी धरते. म्हणजे त्यानं तुम्हाला तुमची वर्षं दिली, आणि आता तो त्याची मागतो आहे. यात न्याय आहे, आणि तो तुम्हालाही जाणवतो, म्हणूनच तुम्हाला सरळ नाही म्हणवत नाही. पण कायम झाल्यावर तुमच्या मनात काय होतं? पीएच.डी.? मुलीबरोबर थोडा निवांतपणा? नुसता श्वास घेणं? पगाराची स्लिप पक्की झाली त्याच वर्षी ती दुसऱ्या कुणाच्या योजनेत धरली गेली, याचा राग आला असेल तर तो योग्य आहे. तो त्याला सांगा, शांतपणे, पण सांगा.

माहेरचे म्हणतात ठाम नाही म्हण, मैत्रिणी म्हणतात साथ दे. दोघांनीही असं गृहीत धरलंय की निकाल तुम्ही द्यायचा. तुमचा नवरा 33 वर्षांचा आहे. अभिनय करायचा की नाही हा निर्णय त्याचा. घराच्या पैशांतून त्यासाठी किती जाणार, किती काळ, आणि कुठली रक्कम कुणीही हात लावायची नाही, हा निर्णय दोघांचा. पहिल्यात तुमच्या परवानगीचा प्रश्नच येत नाही, आणि दुसऱ्यात तुमच्याशिवाय काही ठरू शकत नाही. हे दोन प्रश्न वेगळे केले, की तो पिंजरा राहत नाही.

मग करायचं काय? रिकमनला मिळालेल्या तीन गोष्टी वर सांगितल्या: शिकायची जागा, वर्षं, आणि ती वर्षं काढताना थोडे पैसे. त्या काळच्या इंग्लंडात त्या बऱ्याचशा व्यवस्थेतून मिळत. कॉलेजच्या शिक्षणाला अनुदान असे, गावोगावी पगारी नाटकमंडळ्या होत्या. ती व्यवस्था आज तिथेही तशी उरलेली नाही. आपल्याकडे प्रायोगिक नाटक बहुतेक जण खिशातूनच करतात. म्हणून या तिन्ही गोष्टी तुमच्या नवऱ्याला स्वतः जुळवाव्या लागतील, आणि त्याची योजना चांगली की वाईट हे त्यावरूनच ठरेल. “दिवाळीनंतर सोडतो” ही नुसती तारीख झाली, योजना नाही झाली.

शिकण्यापासून सुरुवात करा. हौशी नाटकात दहा वर्षं काढलेल्यांना वाटतं आपल्याला येतं. रिकमनही शाळेपासून नाटक करत होता, तरी चालता व्यवसाय सोडून पुन्हा विद्यार्थी झाला. पुण्यातच विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, एफटीआयआय ही चित्रपट-टेलिव्हिजनचं शिक्षण देणारी संस्था आहे आणि तिथे अल्पमुदतीचे वर्गही होतात. मुंबई विद्यापीठाची थिएटर ॲकॅडमी आहे, दिल्लीला एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. वयाच्या आणि पात्रतेच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा. तेहेतिसाव्या वर्षी काही दारं बंद असू शकतात आणि ते आधी कळलेलं बरं. पूर्णवेळ अभ्यासक्रम जमत नसेल तर स्टुडिओ चालू ठेवून अल्पमुदतीचा एखादा वर्ग करावा, आवाजावर काम करावं. अनोळखी दिग्दर्शकांसमोर ऑडिशन द्यावी. हे शेवटचं फार महत्त्वाचं. त्याच्या मित्रमंडळाच्या ग्रुपमध्ये तो उत्तम नट आहे. जे त्याला ओळखत नाहीत ते काय म्हणतात? एखादं वर्ष असं काढलं, आणि ओळख नसलेल्या दोन-तीन ठिकाणांहून त्याला परत बोलावणं आलं, तर ती सोडण्यासाठी पुरेशी चांगली खूण आहे.

पैशाचं मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही कॉमर्सच्या. पण घरच्या माणसासमोर ताळेबंद मांडणं वर्गात शिकवण्यापेक्षा अवघड असतं, म्हणून लिहिते. हप्ता, मुलीची शाळा, सासूबाईंची औषधं, आरोग्य विमा: हे तुमच्या एकट्या पगारात बसतं का, ते कागदावर मांडा. बसत नसेल तर जी तूट येते ती त्यानं महिन्याला कुठून तरी आणायची. फ्रीलान्स डिझाइन, डबिंग, काहीही. घरखर्चाच्या किमान सहा महिन्यांची रक्कम वेगळी ठेवा आणि ती नाटकाच्या निर्मितीत घालायची नाही हे लिहून ठेवा. हे वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. नटाला काम मिळालं नाही की तो निर्माता होतो, आणि घरं बुडतात ती बहुतेक तिथे.

स्टुडिओचंही बघा. भागीदारीपत्रात बाहेर पडायच्या काय अटी आहेत? बँकेच्या कर्जाला त्याची वैयक्तिक हमी आहे का? येणी किती बाकी आहेत? एकदम बाहेर पडण्याऐवजी हिस्सा कमी करून आठवड्याचे दोन-तीन दिवस काम करणं भागीदारांना मान्य होईल का? विचारल्याशिवाय कळणार नाही. मला वाटतं, हा मधला मार्ग तुमच्या घराला सगळ्यात जास्त जमेल. तो भित्रेपणाचा वाटायचं कारण नाही.

मुदत ठेवा, पण “दोन वर्षांत नाव झालं नाही तर परत” अशी नको. दोन वर्षांत रिकमनचं राडातलं शिक्षण संपलं होतं, एवढंच. दोन वर्षांनी बघायचं ते हे: पैसे देणारी कामं वाढली का? एकदा काम केलेले लोक पुन्हा बोलावतात का? आणि तुम्ही दोघं कशा अवस्थेत आहात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायचं आणि त्यानं ऐकून घ्यायचं.

हे उत्तर वाचणाऱ्या, पण ज्यांच्या घरात दुसरा पक्का पगार नाही अशांसाठी एक शब्द. तुमचं चुकीचं नाही, फक्त क्रम उलटा ठेवा. आधी काम, मग सोडणं. गायन असो, चित्रकला असो की लेखन, दुसऱ्या कुणाच्या उशिरा आलेल्या यशाची तारीख पाहू नका. त्याआधीच्या वर्षांत त्याचा महिना कसा निघत होता ते शोधून काढा. चरित्रांत हे असतं, पण आपण ती पानं भराभर उलटतो.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना आत्ता सांगू नका. तुम्हा दोघांचे आकडे जुळेपर्यंत त्यांना नुसती काळजी मिळेल, आणि ती त्या तुमच्यापाशीच बोलून दाखवतील, मुलापाशी नाही. आकडे जुळले की सांगायचं, आणि सांगायचं त्यानं. “हिची नोकरी आहे म्हणून” हे वाक्य त्यानं त्यात घालायचं नाही, हे आधी ठरवून घ्या. म्हणजे उद्या नातेवाइकांत बोलणं निघालं तर तुमच्या पगारावर येऊन थांबणार नाही. आणि दिवाळीनंतर लगेच सोडण्याऐवजी मार्चअखेरपर्यंत थांबायला त्याला सांगा. आर्थिक वर्ष संपेल, भागीदारांचा हिशेब स्वच्छ होईल, आणि मधल्या महिन्यांत दोन-चार ऑडिशनही होतील.